पंधरा दिवसांत जपानी सोनार व्हा

साखरपुडा पंधरा दिवसांवर आलाय, अंगठी अजून घेतलेली नाही आणि मागच्या रविवारी तिच्या घरच्यांसमोर तुम्ही बोलून बसलात, ‘अंगठी मी स्वतःच्या हातानं करणार.’ अभिनंदन! बल्ब बदलायलासुद्धा वायरमनला बोलावणाऱ्या माणसांसाठीच ही मार्गदर्शिका लिहिली आहे. त्यातून तुम्ही साधी, गोल, पिवळी अंगठी करणार नाही. ती काय, कोपऱ्यावरचा सोनारही करतो. तुम्ही मोकुमे-गाने करणार.

‘गाने’ ऐकून घरातलं कुणी तरी विचारेल, जपानी गाण्यांचा क्लास लावलास का? शांतपणे समजावून सांगा. मोकुमे म्हणजे लाकडाच्या अंगावरच्या रेषा. जपानीत ते ‘लाकूड’ आणि ‘डोळा’ अशा दोन अक्षरांनी लिहितात. काने म्हणजे धातू, जोडशब्दात त्याचं गाने होतं. थोडक्यात, वेगवेगळ्या रंगांच्या धातूंचे पत्रे एकावर एक रचायचे, ते न वितळवता एकजीव करायचे, ठोकायचे, कोरायचे, पुन्हा ठोकायचे आणि अखेर लाकडाच्या तुकड्यासारखं दिसणारं काही तरी हाती घ्यायचं. लाकूड वखारीत किलोवर मिळतं. पण असे प्रश्न विचारणाऱ्यानं पुढे वाचू नये.

१. इतिहास तोंडपाठ करा.

हे सर्वांत आधी, कारण अंगठी वेळेत होणार नाही आणि तेव्हा बोलायला काही तरी हवं.

या कलेचे जनक शोआमी देन्बेई (१६५१–१७२८). उत्तर जपानातल्या देवा प्रांतात, अकितामध्ये, सताके घराण्याच्या पदरी ते तलवारीचा साज घडवायचे. ‘गुरी’ नावाचं चिनी लाखकाम त्यांच्या मनात भरलं होतं. त्यात निरनिराळ्या रंगांच्या लाखेचे थर चढवतात आणि मग खोल खाचा पाडतात. खाचेच्या उतारावर सगळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडतात. देन्बेईंनी तेच धातूत केलं. तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये एक चकती असते, तिला त्सुबा म्हणतात. हात घसरून पात्यावर जाऊ नये एवढंच तिचं काम. तेवढ्यासाठी साधी लोखंडी चकती पुरली असती. पण पदरी कारागीर असले की सरदारांना साधं काही पुरत नाही.

मग १८७६ मध्ये मेइजी सरकारनं कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी घातली आणि साज घडवणाऱ्यांचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. उरलेले हात परदेशी पाहुण्यांसाठी फुलदाण्या आणि डब्या करू लागले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात टिफनीनं मोकुमे वापरलेलं चांदीकाम मांडलं, त्यामागे एडवर्ड मूर हा जपानवेडा माणूस होता. त्यानंतर बराच काळ सामसूम. १९७० च्या दशकात युजीन आणि हिरोको सातो पिजानोव्स्की या दांपत्यानं ही विद्या जपानातून अमेरिकेत नेली. तिथून ती लग्नाच्या अंगठीपर्यंत पोचली आणि तिथून तुमच्या बाल्कनीपर्यंत. बाकी सगळ्यांनी तिचं भलंच केलं होतं.

हा इतिहास सावकाश सांगितला तर बारा मिनिटं पुरतो. तेवढ्यात होणारे सासरे चहाला उठतात.

२. धातू घ्या आणि दर विचारू नका.

खरा जपानी कारागीर शाकुदो आणि शिबुइची वापरतो. शाकुदो म्हणजे तांब्यात शेकडा चार-पाच भाग सोनं. ते घातल्यानं, आणि पुढे रंगाच्या पाण्यात उकळल्यानं, तांबं जांभळट काळं होतं. नीट वाचा: सोनं घालून काळं करायचं. ही गोष्ट आजीला सांगू नका. शिबुइची या नावाचा अर्थच ‘चारातला एक’; एक भाग चांदी, तीन भाग तांबं. तिचा राखाडी रंग खरोखर सुंदर असतो, पावसाळी आभाळासारखा. पण हे मिश्रधातू बाजारात मागून मिळत नाहीत, ते मुशीत स्वतः करावे लागतात. म्हणून पहिल्या खेपेला तांबं आणि शुद्ध चांदी यांवरच भागवा.

पाच सेंटिमीटर चौरस, अर्धा मिलिमीटर जाड असे आठ पत्रे तांब्याचे आणि सात चांदीचे कापून घ्या. तांबं साधारण ९० ग्रॅम भरेल, चांदी ९२. तयार अंगठीचं वजन सात ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या पावणेदोनशे ग्रॅमचं काय, असं विचाराल. त्याला शिकणं म्हणतात.

काही हुशार मंडळी इथे नाण्यांवर येतात. अमेरिकेतले हौशी लोक पाव डॉलरची नाणी एकावर एक रचून मोकुमे करतात हे खरं आहे. त्या नाण्यांत १९६५ पासून आत तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचा पत्रा असतो, म्हणजे थर आयतेच तयार. तुमच्या खिशातला रुपया मात्र स्टेनलेस स्टीलचा आहे. त्याचे पंधरा थर रचले तरी शेवटी सगळीकडे स्टीलच दिसेल. शिवाय २०११ च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे. साखरपुड्याला जामिनावर जाणं बरं दिसत नाही.

३. सोवळं पाळा.

पत्रे बारीक पॉलिश कागदानं घासा, साबणानं धुवा, तेलाचा अंश राहू देऊ नका. पाणी पत्र्यावर सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन निसटलं तर तेल अजून आहे. एकदा धुतला की पत्रा सोवळ्यात. बोट लागलं की बाटला. पुन्हा घासा, पुन्हा धुवा. बोटाच्या एका ठशाएवढं तेलसुद्धा दोन थरांना एकमेकांपासून अलग ठेवायला पुरेसं असतं, आणि हे तुम्हाला आज कळत नाही, आठ दिवसांनी कळतं. तुमच्या आजीनं पापड वाळत घातलेल्या गच्चीवर तुम्हाला येऊ दिलं नव्हतं, तेव्हा तुम्ही तिला जुनाट म्हणाला होतात. आता तिच्यासारखे वागा. दार लावून घ्या आणि कुणी ‘काय करतोयस रे?’ म्हणत आत डोकावलं तर त्याला बाहेरूनच बोलायला सांगा.

४. गाठोडं बांधा आणि भट्टीत घाला.

पत्रे आळीपाळीनं रचा: तांबं, चांदी, तांबं, चांदी. वर-खाली जाड लोखंडी पट्ट्या ठेवून चार कोपऱ्यांत बोल्ट आवळा. पट्ट्यांना आतून पिवळ्या मातीचा लेप द्या, नाही तर पट्टीही तांब्याला चिकटेल. पाश्चात्त्य हौशी लोक यासाठी टायपिंगच्या चुका पुसायचा सफेदा लावतात. ज्याच्या घरात सफेद्याची सुकलेली बाटली आहे त्यानं ती आता अभिमानानं बाहेर काढावी. भोवती कोळसा भरा, म्हणजे तो हवेतला प्राणवायू खाऊन टाकेल आणि तांबं काळं पडणार नाही.

आता हिशेब. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते, तांबं १०८५ ला. नवशिक्या म्हणतो, म्हणजे नऊशेपर्यंत बिनघोर. इथेच तो बुडतो. चांदी आणि तांबं एकमेकांना टेकून तापली की टेकलेल्या जागी दोघांचं मिळून असं एक मिश्रण होतं, साधारण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं, जे ७७९ अंशांनाच पाघळतं. एकेकटे असताना दोघंही हजाराच्या आसपास ताठ उभे राहतात. शेजारी बसवले की पावणेआठशेला पाणी. कुठल्याही एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून ७७९ च्या खाली राहा. फार खाली गेलात तर थर नुसते शेजारी बसून राहतील आणि हातोडीच्या पहिल्याच घावाला पत्त्यांसारखे सुटतील. मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत तासन्‌तास थांबायचं, म्हणजे एका धातूचे अणू दुसऱ्यात शिरतात आणि सांधा न वितळता जुळतो. हे घन अवस्थेत घडतं यावर विश्वास बसत नसेल तर विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टिन यांचं उदाहरण घ्या. ते लंडनच्या टांकसाळीतले धातुशास्त्रज्ञ. त्यांनी शिशाखाली सोनं ठेवून ते चार वर्षं साध्या हवेच्या तापमानाला तसंच राहू दिलं, आणि सोनं शिशात वर चढलेलं आढळलं. म्हणजे तत्त्वतः भट्टीची गरजच नाही. पण तांबं-चांदी शिशाइतकी मऊ मनाची नसतात, आणि मुलीकडचे चार वर्षं थांबतील असं वाटत नाही.

जुना जपानी कारागीर तापमान मोजत नसे. अंधाऱ्या जागेत कोळशाच्या भट्टीसमोर बसून गाठोड्याच्या कडांकडे टक लावून पाहायचं. कडांवर ओलसर चमक उमटली, गाठोड्याला घाम फुटला, की त्याच क्षणी बाहेर. आजचा व्यावसायिक तापमान-नियंत्रक लावलेली विजेची भट्टी वापरतो. तुमच्याकडे यातलं काही नाही. तुमच्याकडे गॅसचा टॉर्च, चार विटा आणि बाल्कनी आहे. दिवे मालवा, पडदे ओढा, पाण्याची बादली जवळ ठेवा. सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवलंत तर तो एकटाच वर येईल. नाही सांगितलंत तर सेक्रेटरींना घेऊन येईल.

गाठोड्याला घाम फुटेल. तुम्हाला तो दिसणार नाही, कारण तुमचा स्वतःचाच डोळ्यांत उतरलेला असेल. पुढच्या तीन सेकंदांत सगळं खाली वाहून विटेवर थारोळं होईल. निराश होऊ नका. चांदी-तांब्याचं हे ७२-२८ मिश्रण म्हणजे सांधे जोडायचा उत्तम डाख आहे, लोक तो पैसे मोजून विकत घेतात. तुमच्याकडे आता दीडशे ग्रॅमच्या वर काही तरी आहे आणि त्यात कुठे तरी डाखही आहे. क्रमांक २ वर परत जा. मी स्वतः क्रमांक २ वर तीनदा परत गेलो. तिसऱ्या वेळी चांदीवाल्यानं काही न विचारता खुर्ची पुढे केली.

५. ठोका.

गाठोडं टिकलं असं धरून चालू. (माझ्यावर विश्वास ठेवा, एखादं टिकतं.) लाल असतानाच आधी हलके, मग जोरात घाव घाला. साडेसात मिलिमीटर जाडीची ही लगड तीनपर्यंत आणायची आहे. घावांनी धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून तापवून नरम करा. कडेला चीर दिसली तर लगेच कानस मारून काढा. चीर आत शिरली की घरभर फिरते. सूरही ऐका. सांधा पक्का असेल तर आवाज खणखणीत येतो, थर सुटला असेल तर भद्द.

पुण्यात राहत असाल तर कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन तासभर उभे राहा. भांड्यावर मठार घालताना घाव किती एकसारखा पडतो ते पाहा, आणि तो हात पिढ्यान्‌पिढ्या बसत आलाय हेही पाहा. मग घरी येऊन ऐरणीवर स्वतःचा अंगठा ठोका.

६. आता इतक्या कष्टानं जोडलेलं खोदून टाका.

हा या कलेचा गाभा आहे आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पंधरा थर एकजीव झालेले आहेत, वरून मात्र फक्त तांबं दिसतंय. रेषा कुठायत? त्या आडव्या पडून आत झोपल्या आहेत. त्यांना वर आणायचं तर वरचे थर काढून फेकायला हवेत. अळुवडीचा उंडा वाफवून झाल्यावर बाहेरून नुसतं हिरवं पान दिसतं. सुरी फिरवली की चक्रं दिसतात. चिरोट्याचंही तेच. फरक इतकाच, की तिथे कापलेला प्रत्येक तुकडा खाता येतो.

छिन्नीनं किंवा ड्रिलनं वेगवेगळ्या खोलीचे खड्डे पाडा. दहा थरांपर्यंत जा. पंधराव्याला आरपार जाल. मग खड्डे बुजेपर्यंत पुन्हा ठोकून पत्रा सपाट करा. खड्ड्याच्या भिंतींवर उघडे पडलेले थर पसरून वलयं होतात, लाकडाच्या गाठीभोवती असतात तशी. दुसरी तऱ्हा अशी: मागून ठोकून टेंगळं काढा आणि समोरून ती टेंगळं कानशीनं साफ करा. परिणाम तोच, कानशीचा कीस जास्त.

हा कीस गोळा करा. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली धूळ, राख चाळून त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरी असायचे. तुमचा तांबं-चांदीचा एकत्र कीस कागदात बांधून दुकानात न्या, आणि वजनकाट्याकडे न बघता तो माणूस तुमच्याकडे कसा बघतो ते अनुभवा.

नक्षी मनासारखी येणार नाही. कुणी विचारलं तर म्हणा, ‘मोकुमेच्या दोन अंगठ्या कधीच सारख्या होत नाहीत.’ हे शंभर टक्के सत्य आहे, आणि विकणारेही तेच म्हणतात. सारखी करायचा प्रयत्न केलात तरी होत नाही, एवढं सांगायची गरज नाही.

७. वळवा.

पट्टी कापा, गोल वळवा, टोकं जोडा. जोडाची रेघ नक्षीतून अशी जाते, जणू जंगलातून हायवे काढलाय. म्हणून जाणकार वेगळं करतात: थरांची चौकोनी सळई तापवून पिळतात, मध्ये उभी चिरतात, पण टोकांपाशी चीर थांबवतात, मग ती चीर फाकवत फाकवत त्याचंच कडं करतात. कुठेही जोड नाही. चीर नेमकी कुठे थांबवायची हे टोक तुटल्यावर बरोबर लक्षात येतं.

माप आधीच नीट घ्या. ही अंगठी नंतर मोठी करायला गेलात तर नक्षी ताणली जाते, लहान करायला गेलात तर तुटते. माप चुकलंच तर पत्रिका पुन्हा जुळवून पाहा. करंगळीत बसणारी एखादी असेल.

८. मुळा किसा.

हो, मुळा. अंगठीला रंग चढवण्याआधी जपानी कारागीर तिला किसलेल्या मुळ्याचा लेप देतात, म्हणजे रंग डाग न पडता एकसारखा चढतो. मग रोकुशो नावाचा तांब्याचा हिरवा क्षार, मोरचूद आणि पाणी एकत्र उकळून त्यात ती हलवत राहायचं. द्राक्षबागायतदारांच्या घरी मोरचूद असतंच. नसलं तर शेतीच्या दुकानात मिळेल. तांबं तांबूस तपकिरी होतं, चांदी पांढरीच राहते आणि रेषा अचानक जाग्या होतात. हा क्षण सुंदर असतो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तुम्हाला कळेल की देन्बेई म्हातारे होईपर्यंत या कामात का रमले. मिनिटभर तसेच उभे राहा. भांडं जेवणाच्या भांड्यांत परत ठेवू नका. मुळ्याची कोशिंबीर वेगळ्या वाडग्यात.

आता वाईट बातमी. हा रंग वरवरचा असतो. त्सुबा तलवारीवर होता, त्यानं कधी भांडी घासली नाहीत की कणीक मळली नाही. अंगठीवरचा रंग रोजच्या घासण्यानं उडतो, घामानं तांबं बोटाला हिरवी कडी देतं. म्हणून शहाणे आतून सोन्याचं अस्तर लावतात. तुम्ही अस्तराच्या जागी एक छापील सूचनापत्र द्या: पाणी, साबण, लिंबू, मीठ आणि हात यांपासून दूर ठेवावी.

९. साखरपुड्याला घेऊन जा.

मखमली डबीत, थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात उघडा. ती काही बोलायच्या आत क्रमांक १ सुरू करा. देन्बेईंपासून, पिजानोव्स्की दांपत्यापर्यंत पोचायला हरकत नाही. दरम्यान अंगठी हातोहात फिरेल. फोटोग्राफर तिच्यावर लाइट मारेल. चुलतसासरे वजन करून पाहतील. आणि मग तिची आत्या येईल, चष्मा कपाळावर सरकवून अंगठी डोळ्यांजवळ धरेल, नखानं टोकरेल आणि म्हणेल, ‘अगं, लाकडाची केलीय की काय यानं? पाण्यात घालू नकोस हं, फुगेल.’

तिच्या पाया पडा. तुम्हाला जमलंय.